राहिलेला डोस

“तिच्याशी बोलू नका,” मी म्हणाले. “तुमचा आवाज ऐकला की ती मान वळवेल. नुसते पाय धरून उभ्या राहा.”

शिवकांताने मान डोलावली. तिच्या अंगावर शिशाचा एप्रन होता आणि तो तिला घोट्यांपर्यंत येत होता. टेबलावर तिची सहा वर्षांची मुलगी ऋतुजा पेंगत पडली होती. मनगटभर हिरव्या बांगड्या, तळहातांवर ताजी मेंदी, आणि उजव्या कानाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ.

त्या दिवशी नागपंचमी होती. औशाजवळच्या गावात, आजोळी, चिंचेच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावरून ती पडली होती. झोका देत होता तिचा मामा, व्यंकट. पडल्यावर मिनिटभर तिने डोळे उघडले नाहीत, मग जीपमध्ये दोनदा उलटी झाली. लातूरला आमच्या हॉस्पिटलात ती एक वाजून दहा मिनिटांनी पोचली. मी तिथे सीटी स्कॅनची तंत्रज्ञ होते. या गोष्टीला चौदा वर्षं झाली. तरी त्या दुपारच्या वेळा मला सांगता येतात, कारण स्कॅनच्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मशीन वेळ छापतं, आणि बाकीच्या मी दुसऱ्याच दिवशी एका कागदावर लिहून काढल्या होत्या.

डॉ. भातांब्रे मेंदूचे सर्जन, हॉस्पिटल त्यांचंच. सणामुळे स्टाफ निम्मा. त्यांनी मुलीला तपासलं आणि स्कॅन करावाच लागेल म्हणाले. लहान मूल पडलं की सरसकट स्कॅन करायचा, या मताचे ते नव्हते. नुसतं टेंगूळ असतं तर चार तास नजरेखाली ठेवून त्यांनी घरी पाठवलं असतं. पण मिनिटभर शुद्ध हरपलेली, दोन उलट्या, आणि मार नेमका कानाच्या वर, जिथे हाड पातळ असतं.

मुलगी मात्र मशीन बघूनच बिथरली होती. टेबलावर ठेवली की उठून बसायची. शेवटी झोपेचं औषध लिहून दिलं. आमच्याकडची रीत म्हणजे औषध नातेवाइकांनी खालच्या मेडिकलमधून आणायचं. व्यंकट धावत जाऊन बाटली घेऊन आला. कमल सिस्टरने झाकणाने दोन मापं पाजली. त्यातलं थोडं हनुवटीवर ओघळलं, ते तिने पदराने पुसलं, बाटली शिवकांताच्या हातात दिली आणि म्हणाली, “डोस दिलाय. आता झोपेल अर्ध्या तासात.”

अर्धा तास ऐकून व्यंकट माझ्याकडे वळला. “एवढा वेळ? आमच्या औशाचा फोटोवाला तेवढ्यात लग्नाचा अख्खा अल्बम काढतोय, मॅडम.” चेष्टा करत होता, पण नवा सदरा मुलीच्या उलटीने माखलेला होता.

दोन वाजून चौदा मिनिटांनी मी स्कॅन सुरू केला.

आता मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. त्यात डोक्यासाठी दोन प्रोग्रॅम होते, एक मोठ्यांचा आणि एक लहानांचा. मोठ्यांच्या प्रोग्रॅमवर किरणांचा आकडा साठच्या आसपास यायचा. लहानांच्या प्रोग्रॅमवर तीस. लहान कवटी पातळ असते, तिला तेवढ्या किरणांची गरज नसते. पण किरणं कमी केली की चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात, आणि सर्जनला दाणे आवडत नाहीत. म्हणून आमच्याकडे दोन वर्षांच्या बाळालाही साठच लागायचे. किरणं दिसत नाहीत, दुखत नाहीत. त्यांचा त्रास झालाच तर पुढे कितीतरी वर्षांनी, आणि हजारांत एखाद्याला. त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. मलाही सहा वर्षं वाटलं नव्हतं. मग पुण्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. परत येऊन आमच्या रजिस्टरमधली मुलं मोजली. एका वर्षात एकशे बारा.

महिनाभर मी डॉक्टरांच्या मागे लागले होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी लहानांचा प्रोग्रॅम वापरायची परवानगी दिली होती, तीही एका अटीवर. “टेंकाळे, एक जरी रक्तस्राव माझ्या नजरेतून सुटला, तर तो प्रोग्रॅम मी स्वतः पुसून टाकीन.”

ऋतुजा त्या प्रोग्रॅमवरची नववी मुलगी होती. डोळ्यांवर किरणं पडू नयेत म्हणून मी तिची हनुवटी छातीकडे वळवून घेतली, दार लावलं, काचेमागे बसले. वीस सेकंदांत काम झालं. दार उघडून मी आत गेले आणि शिवकांताच्या पाठीवरचे एप्रनचे बंद सोडायला लागले. तेवढ्यात डॉक्टर काचेमागच्या खोलीत आले आणि पडद्यासमोर वाकले.

“हे काय घेतलंयस? सगळीकडे दाणे आहेत.”

“सर, सहा वर्षांची आहे. डोस निम्मा दिलाय,” मी तिथूनच म्हणाले.

“दिसतंय ना निम्मा दिलेला. कसं समजायचं मी यातून?”

“पुरतो सर तेवढा. बघा तुम्ही.”

त्यांनी बघितलं. डोक्याच्या चित्राची एकेक आडवी चकती वरखाली करत चार मिनिटं बघितलं. कानाच्या वरच्या हाडात केसाएवढी चीर होती. आत रक्त नव्हतं. तासातासाला बघत राहू, संध्याकाळपर्यंत नीट जागी झाली तर उद्या सकाळी घरी, असं त्यांनी व्यंकटला सांगितलं. व्यंकटने त्यांचे पाय धरले आणि मग दोन जिने उतरून खाली जाऊन भडभडून रडला, असं वॉचमन नंतर सांगत होता.

मी डबा उघडला. पंचमीच्या दिवशी चिरायचं नाही, भाजायचं नाही, म्हणून आईने उकडीची दिंडं दिली होती. दुसरं दिंड हातात असताना कमल सिस्टर दारात आली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

“ती पोरगी उठंना झालीय.”

खोलीत गेले तेव्हा डॉक्टर पलंगावर वाकले होते. त्यांनी नाव घेऊन हाक मारली, खांदा हलवला, मग बोटाच्या नखावर पेन दाबलं. हात जरासा मागे गेला, डोळे उघडले नाहीत. नाडी ठीक होती. डोळ्यांच्या बाहुल्या दोन्हीकडे सारख्या होत्या, पण उजेडाला संथ. श्वास उथळ होता. तासापूर्वी हीच मुलगी डोळे किलकिले करून पाणी मागत होती.

“औषधाची झोप नसेल ना?” मी विचारलं.

“दोन मापांनी? एव्हाना उतरायला पाहिजे होती.” ते माझ्याकडे न बघता बोलले. “लगेच टेबलावर घे. आणि टेंकाळे, फुल डोस. तुझे दाणे मला आता नकोत.”

स्ट्रेचरबरोबर चालताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हाडाला चीर होती. त्या चिरेखाली धमनी जाते. पहिल्या स्कॅनमध्ये तिथे नखाएवढं पातळ रक्त असेल आणि ते दाण्यांत बुडालं असेल, तर तासाभरात ते पसरायला वेळ होता. आणि दाणे मी पाडले होते. डॉक्टरांनी कमलला ऑपरेशनची खोली उघडायला सांगितलेलं मला ऐकू आलं. व्यंकट भिंतीला टेकून मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, दाजी, निघा, जसे असाल तसे निघा.

टेबलावर घेतल्यावर ऑक्सिजन लावला. पट्टा आवळताना मी सवयीने शिवकांताला नेहमीचा प्रश्न विचारला. मूल गुंगीत असलं की विचारावाच लागतो, पोटात काही असेल तर उलटी श्वासात जाते.

“मधल्या वेळात काही खायला-प्यायला दिलं का तिला?”

“काहीच नाही,” ती म्हणाली. “फक्त राहिलेला डोस दिला.”

“कोणता राहिलेला?”

“तुम्ही म्हणालात ना, डोस निम्मा दिलाय म्हणून. डॉक्टर पण रागावले. मग बाहेर आल्यावर सिस्टरनी दिलेला तेवढाच परत दिला. दोन मापं. जास्त नाही दिलं मॅडम, एक थेंब जास्त नाही.”

मी पट्टा अर्धवट सोडून वर बघितलं.

“मी अंगणवाडीत आहे,” ती म्हणाली. माझा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला होता. “पोलिओचा डोस लेकराने सांडला तर परत द्यायचा असतो. हिच्या तोंडातून ओघळलंच होतं. व्यंकट पण म्हणाला, अक्का, राहिलेला देऊन टाक, बाटली आपलीच आहे.”

मी डॉक्टरांना हाक मारली आणि दोन वाक्यांत सांगितलं. दोनाऐवजी चार मापं. साधारण अडीच वाजता. डॉक्टरांनी शिवकांताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं वाक्य त्यांनाही आठवत असणार, कारण ते त्यांच्याशीच बोललेलं होतं. पण त्यावर बोलायची ती वेळ नव्हती. त्यांनी मुलीची हनुवटी वर उचलून धरली, श्वास मोजले, कमलला तोंडावरचा मास्क आणि श्वास द्यायचा फुगा हाताशी ठेवायला सांगितलं.

“म्हणजे औषधाचीच झोप, सर,” मी म्हणाले. “स्कॅन नको मग.”

“असेल औषधाची. नसेलही. चार मापं पोटात गेली म्हणून रक्त यायचं थांबतं का? हाडाला चीर आहे आणि पोर उठत नाहीये. मला बघितल्याशिवाय कळणार नाही. घे. फुलवर घे.”

त्यांचं बरोबर होतं. हा स्कॅन टाळता येण्यासारखा राहिला नव्हता. मी काचेमागे जाऊन बसले. पडद्यावर दोन्ही प्रोग्रॅमची नावं एकाखाली एक होती.

“सर, लहानांच्यावरच घेते.”

“टेंकाळे.”

“दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघायचीत ना तुम्हाला? तासात काय बदललं एवढंच बघायचंय. मग दोन्ही एकाच मापाची पाहिजेत. एक दाण्यांचं आणि एक बिनदाण्यांचं असलं तर फरक रक्ताचा की मशीनचा, कसं ठरवणार?”

ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. “शंका आली तर तिसऱ्यांदा घ्यायला लागेल. ते तुझ्या डोक्यावर.”

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं. आत एप्रन घालून, फुगा घेऊन कमल सिस्टर उभी राहिली. शिवकांताला बाहेर पाठवलं होतं. वीस सेकंद.

डावीकडे दोन चौदाचं चित्र, उजवीकडे तीन एक्केचाळीसचं. डॉक्टर दोन्ही एकाच वेळी सरकवत होते. मानेकडून वर. कानाची हाडं. चीर. चिरेच्या आत.

“थांब.”

मलाही दिसलं. उजव्या चित्रात, हाडाच्या आतल्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा फिकट पांढरा डाग. डाव्या चित्रात त्या जागी काही नव्हतं.

“रक्त,” डॉक्टर म्हणाले आणि उठलेच.

“सर, दोन मिनिटं द्या.”

“दोन मिनिटं कशाला? फुलवर घे आणि मोकळी हो.”

“नको सर. आहे त्याच स्कॅनमधून काढते.”

मशीनने माहिती एकदाच गोळा केलेली असते. तिच्या चकत्या किती जाड पाडायच्या, हे नंतरही ठरवता येतं. चकती पातळ ठेवली की बारकावे दिसतात आणि दाणेही. जाड केली की शेजारशेजारच्या चकत्या मिसळतात, आणि दाणा असेल तर तो विरून जातो, कारण दाण्याला खालीवर जोडीदार नसतो. रक्त असेल तर ते दोन-तीन चकत्यांतून जातंच. मी दुप्पट जाडीचा आकडा भरला. पडद्यावर पट्टी सरकायला लागली. तेव्हाच्या मशीनला त्याला मिनिटभर लागायचं. डॉक्टर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे होते. काचेपलीकडे कमल सिस्टर मुलीच्या छातीकडे बघत होती आणि ओठांतल्या ओठांत श्वास मोजत होती.

चित्रं आली. मी दोन्हीकडची चीर समोर आणली.

डाग नव्हता.

डॉक्टरांनी मला बाजूला सरकवून माऊस स्वतः घेतला. वर गेले, खाली आले, उजेड कमीजास्त केला, पुन्हा वर गेले. तिसऱ्यांदा घेऊ या असं ते आता म्हणतील, याची मी वाट बघत होते, आणि म्हणाले असते तर नाही म्हणण्यासाठी माझ्याकडे काहीही उरलं नव्हतं.

“दाणा होता,” ते म्हणाले. मग काचेवर टकटक करून कमलला खूण केली की पलंगावर घेऊन चला.

तिसरा स्कॅन झाला नाही. पण रजिस्टरमध्ये आकडे लिहिताना मी बेरीज केली. तीस आणि तीस, साठ. एवढी खटपट करून जे वाचवलं होतं, ते माझ्याच एका वाक्याने तिच्या डोक्यात परत गेलं होतं.

पुढचे तीन तास काहीच घडलं नाही. कमल सिस्टर पलंगाजवळून हलली नाही. दर पंधरा मिनिटांनी श्वास, नाडी, बाहुल्या. माझी ड्यूटी पाचला संपली होती, मी गेले नाही. सहा चाळीसला ऋतुजाने कूस बदलली आणि बांगड्या वाजल्या. पावणेसातला डोळे उघडून तिने समोर दिसलेल्या कमलला विचारलं, “माझा नंबर गेला का?”

झोक्याचा नंबर. कमल म्हणाली, “नाही गं, तुझाच आहे अजून.”

तिचे वडील दयानंद सोलापूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते सातला पोचले. हातांना अजून ग्रीस होतं. आधी मुलीशी बोलले, तिला बोटं मोजायला लावली, मग बाहेर येऊन डॉक्टरांना काय झालं ते विचारलं. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. पडणं, चीर, रक्त नसणं. शेवटी म्हणाले की मधे घरच्यांकडून औषध जास्त दिलं गेलं, त्यामुळे थोडा घोळ झाला, आता काळजी नाही. फाइलमध्येही त्यांनी तसंच लिहिलं होतं: नातेवाइकांनी स्वतःहून जादा औषध पाजले. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

दयानंद हळूहळू बायकोकडे वळले. ती पलंगाच्या खोलीच्या दारात उभी होती.

“कुणी पाजलं?”

“मी,” शिवकांता म्हणाली.

“मी तर अक्काला म्हणत होतो, डॉक्टरला विचार म्हणून,” व्यंकट म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. दिवसभर त्याला एकट्याला वाहावं लागलेलं ओझं वाटून घ्यायला कुणीतरी मिळालं होतं, आणि त्याने ते घेऊ दिलं. शिवकांताने भावाकडे एकदा बघितलं.

दयानंदांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “गावाची लेकरं हिच्या हातानं डोस घेतात. पंधरा वर्षं ट्रेनिंगं झाली. आणि आपल्या एका लेकराला चार मापं पाजताना हिला कळलं नाही. माहेरी आलं की डोकं घरी ठेवून येती काय गं तू? पोरगी गेली असती म्हणजे?”

बाकावर बसलेल्या दोन बायका वर बघायला लागल्या. मी फिल्मचं पाकीट द्यायला आले होते, ते हातातच होतं. शिवकांताने माझ्याकडे पाहिलं. कुणाच्या तोंडून काय निघालं होतं, ते तिला पक्कं माहीत होतं. नाव घ्यायला फार तर दोन शब्द लागले असते.

“मला तसं ऐकू आलं,” ती म्हणाली.

“काय तसं ऐकू आलं?”

“डोस निम्माच दिलाय असं. माझ्या ऐकण्यात चूक झाली.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायचंच झालं तर त्या नजरेत रागही नव्हता. मुलगी शुद्धीवर आहे, फाइल पूर्ण आहे, सकाळी ही माणसं घरी जातील. एवढंच होतं.

“त्यांच्या ऐकण्यात चूक नाही,” मी म्हणाले.

दयानंद माझ्याकडे वळले. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून आधी ते सांगितलं.

“डोस निम्मा दिलाय, हे मी बोलले. त्यांच्यासमोर, त्यांच्या पाठीवरचे बंद सोडताना. मी मशीनच्या किरणांबद्दल बोलत होते. आम्ही त्यालाही डोसच म्हणतो. त्यांच्याजवळ त्या वेळी औषधाची बाटली होती आणि सिस्टर त्यालाही डोस म्हणाल्या होत्या. तुमच्या बायकोने जे ऐकलं, ते बरोबर ऐकलं.”

व्यंकटने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. डॉक्टर सिस्टरच्या टेबलाशी गेले, फाइल उघडून उभ्याउभ्याच जादा औषधाच्या त्या ओळीखाली काहीतरी लिहायला लागले.

शिवकांताने दाराची चौकट सोडली. भिंतीला हात लावत ती बाकापर्यंत आली, त्या दोन बायकांनी सरकून जागा केली, आणि ती बसली.